नकाशावरची ‘रिकामी’ जागा

‘पानिपत जिंकलो असतो तर?’ हा आपल्याकडे कट्ट्यावरचा एव्हरग्रीन विषय. हल्ली हाच खेळ इन्स्टावर जगाचे नकाशे रंगवून चालतो. मीही एक नकाशा केला होता : रशियाने अलास्का विकलंच नसतं तर? अख्ख्या अलास्कावर रशियाचा रंग ओतला, दोन मिनिटांत काम फत्ते. तिथे आहे कोण? बर्फ आणि अस्वलं!

नंतर वाचायला बसले आणि माझी मलाच लाज वाटली.

अलास्का महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं. लोकसंख्या मात्र आजही साडेसात लाखांच्या आत. विरळ वस्ती आहे, मान्य. पण विरळ म्हणजे रिकामं नाही ना! ३० मार्च १८६७ला रशियाने ७२ लाख डॉलरला अलास्का अमेरिकेला विकायचा करार केला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ट्लिंगिट लोकांना कुणी विचारलंही नाही. याच लोकांनी १८०४मध्ये सिटका इथे रशियनांशी लढाई केली होती. करारात मूळ रहिवाशांचा उल्लेख आहे, पण ‘असंस्कृत जमाती’ म्हणून, तोही त्यांना नागरिकत्वातून वगळण्यासाठी.

त्यांच्या जमिनीच्या हक्काचा कायदा व्हायला १९७१ उजाडलं. तेव्हा सुमारे ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६ कोटी डॉलर देण्याचं ठरलं. एवढी घाई का झाली? कारण १९६८मध्ये तिथे प्रचंड तेल सापडलं होतं आणि हक्कांचा प्रश्न सुटल्याशिवाय पाइपलाइन टाकता येत नव्हती.

म्हणून मला वाटतं, ‘जर-तर’चा इतिहास जरूर रंगवावा, पण त्यात माणसं हवीत. मायकल शेबॉन यांची ‘द यिडिश पोलिसमेन्स युनियन’ (२००७) ही कादंबरी सिटकामध्ये ज्यू निर्वासितांचं शहर वसलंय अशी कल्पना करते. त्यातल्या एका डिटेक्टिव्हची आई ट्लिंगिट आहे. म्हणजे कल्पनेतलं शहर वसवतानाही लेखक तिथल्या मूळ लोकांना विसरलेला नाही. मी मात्र त्यांना एका क्लिकमध्ये पुसून टाकलं होतं.

तो नकाशा मी डिलीट केलाय. आता नवीन करतेय. प्रश्नही बदललाय : १८६७मध्ये ट्लिंगिट लोकांना विचारलं असतं तर?

रंग कुठला द्यायचा, ते अजून ठरत नाहीये.