मोबाईल पोरांच्या हातात, अभ्यासक्रम झोपेत

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. कारण काय, तर मुले पळवणाऱ्या टोळीची व्हॉट्सॲपवरची अफवा! अफवेला बळी जातो तो असाच, भटका आणि एकटा. आणि आपल्या शाळा? अजून ‘वृत्तपत्रे बंद पडली तर’ यावर निबंध लिहून घेतात. केरळने २०२४ मध्ये पाचवी-सातवीच्या पुस्तकात खोटी बातमी तपासायचा धडा घातला. महाराष्ट्राला कोणी अडवले आहे? बाबासाहेबांनी तर १९२० सालीच ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात दाखवून दिले होते की, इथली वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात. बातमी कोणाची, फायदा कोणाचा, हे पोरांना कोण विचारायला लावणार? मित्रांनो, सरकारकडे मागणी लावून धराच. पण येत्या रविवारी विहारात आलेला एक फॉरवर्ड पोरांसमोर सोलून दाखवा.