एक विषय कीं सर्व विषय?

इंटरनेटवर मराठींत लेखन करूं इच्छिणाऱ्या तरुणास हल्लीं एक उपदेश वारंवार ऐकावा लागतो. 'मराठी वाचक आधींच थोडे, त्यांत आणखी वाटणी कशाला? राजकारण, आरोग्य, पाकक्रिया, सिनेमा, सर्वांवर थोडें थोडें लिही, म्हणजे सर्वांपर्यंत पोंचशील.' हा उपदेश दिसण्यांत व्यवहारी असला तरी मुळांतच चुकीचा आहे. इतकेंच नव्हे तर तो मराठी भाषेस घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या पक्षाचे लोक इतिहासाचा दाखला देतात, त्याचा प्रथम विचार करूं. 'विविधज्ञानविस्तार' हें मासिक १८६७ सालीं निघालें आणि १९३७ पर्यंत चाललें. विविधता सत्तर वर्षें टिकली, मग ती आजच वर्ज्य कां, असा त्यांचा सवाल. परंतु छापील अंक हा सबंध विकत घ्यावा लागे. कागद, छपाई व टपाल यांचा खर्च एकदांच करून घरांतील सर्वांची भूक भागवावयाची, तर नाना प्रकारचा मजकूर एकाच वेष्टणांत बांधणें प्राप्तच होतें. शिवाय ती विविधता एका माणसाची नव्हती. निरनिराळ्या विषयांत गति असलेले निरनिराळे लेखक तिच्या पाठीशीं होते.

इंटरनेटवरील एकट्या लेखकापाशीं यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें वाचक अंक घेत नाहीं; तो प्रश्न घेऊन येतो. हापूसच्या मोहोरावर तुडतुडे पडले असतां काय करावें, हें शोधणाऱ्या रत्नागिरीच्या बागायतदारास त्याच पानावर नव्या सिनेमाचें परीक्षण दिसलें, तर त्याची कोणती सोय झाली? लिहिणाराच्या अधिकाराविषयीं शंका मात्र त्याच्या मनांत यावयाची! आणि ती शंका बहुधा खरीच असते. एकटा मनुष्य दहा विषयांवर लिहूं लागला कीं, त्यांपैकीं नऊ विषयांत तो इंग्रजीचें उष्टेंच वाढणार. ज्यास इंग्रजी येतें तो तें मुळांतच वाचील. ज्यास येत नाहीं त्याच्या पानांत मात्र शिळें पडेल.

'वाचक थोडे' ही भीतिही हिशेबास टिकत नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारें ८ कोटी ३० लक्ष होते. दर दहा हजारांत एकासच एखाद्या विषयाची गोडी असली, तरी ८,३०० माणसें होतात. त्यांतील निम्मीं वाचणारीं नसलीं, तरी चार हजारांवर उरतात. ज्या भाषेंत ग्रंथाच्या हजार प्रती खपल्या कीं प्रकाशक समाधान मानतो, त्या भाषेंत हा आंकडा थोडा म्हणावा काय?

'किर्लोस्कर' मासिकाचें उदाहरणही आमच्यापुढें टाकण्यांत येतें. १९२० सालीं कारखान्याचें खबरपत्र म्हणून निघालेलें तें मासिक पुढें व्यापक झालें, हें खरें. पण तें आधीं एका जागीं रुजलें आणि मग पसरलें, हा क्रम विसरूं नये. शिवाय स्त्रियांकरितां त्याच चालकांनीं १९३० त 'स्त्री' व तरुणांकरितां १९३४ त 'मनोहर' अशीं स्वतंत्र मासिकें काढलीं. वाचक वेगळा, तर दार वेगळें, हें त्यांना पुरतें कळलें होतें.

एकाच विषयानें बुद्धि आकसते, हा शेवटचा आक्षेप. त्यास र. धों. कर्वे यांचें 'समाजस्वास्थ्य' हें चोख उत्तर आहे. १९२७ पासून १९५३ त मृत्यु येईपर्यंत कर्व्यांनीं तें पदरास खार लावून चालविलें. संततिनियमन व कामशास्त्र हाच त्याचा मुख्य विषय. पण त्याच्या पोटांत वैद्यक आलें, कायदा आला, विवाहसंस्था आली, नीतीच्या कल्पना आल्या. त्यापायीं कर्व्यांवर खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. खोल विहिरीचें तोंड लहान असतें, म्हणून तिचें पाणी कमी असतें असें नाहीं.

मात्र कोणत्या विषयास जाहिरातीचा भाव अधिक, हें पाहून विषय निवडणारांचे आम्ही कैवारी नव्हे. विषय आपल्या अभ्यासाचा असावा, आणि त्यावर पन्नास लेखांचे मथळे एका बैठकींत लिहितां यावे. न आल्यास विषय फार आंखूड आहे किंवा अभ्यास तरी अपुरा आहे, असें खुशाल समजावें.

सर्वांनीं सर्व विषयांवर लिहिलें, तर मराठींत मजकुराचा डोंगर होईल. पण 'अमुक गोष्ट मराठींत नीट कोठें वाचावी?' असें मुलानें विचारल्यास बापाला बोट दाखवावयास जागा राहणार नाहीं. मग तें मूल इंग्रजीकडे वळलें, तर दोष त्याला कोणत्या तोंडानें द्यावयाचा?