माणदेशी माळ आणि मोकाट गाड्या

माळावर जीप किंवा मोटारसायकल घालायला हरकत नसावी, असं म्हणणाऱ्यांचा सगळा भर एका समजुतीवर आहे: तिथे बिघडण्यासारखं काही नाही. झाड नाही, पीक नाही, नुसती कुसळं आणि मुरूम. सरकारी कागदांनीही गवताळ माळ वर्षानुवर्षं पडीक म्हणूनच नोंदवला, त्यामुळे ही समजूत पक्की झाली. पण माण, खटाव, आटपाडी या माणदेशी पट्ट्यात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खडकावर मातीचा थर पातळ, आणि तो धरून ठेवतात ती गवताची मुळं. चाक फिरलं की गवत चुरडतं, माती दाबली जाते, पाणी मुरेनासं होतं. त्याच चाकोरीतून आणखी गाड्या गेल्या की वळवाच्या पहिल्या सरीत उतारावर तिचा ओघळ होतो. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात १९४२ साली रणगाड्यांचा सराव झाला, त्याच्या खुणा आजही दिसतात. माणदेशात पाऊस त्याहून जास्त, म्हणून गवत लवकर उगवेल. वाहून गेलेली माती कुठून आणायची? आणि ज्या गावांनी पाण्यासाठी उन्हातान्हात डोंगरउतारावर समतल चर खोदले, त्यांना मातीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. माण तालुक्यातली टाकेवाडी २०१८च्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिली आली ती अशाच श्रमांवर. चराचा बांध चाकाने एका जागी फोडला, की साठलेलं पाणी तिथूनच वाट काढतं.

मातीवर जगणाऱ्यांचंही तेच. माळटिटवी, चंडोल, पखुर्डी, धाविक हे पक्षी झाडावर घरटं करत नाहीत. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालतात, तीही बहुतेक उन्हाळ्यात, म्हणजे माळ गाडीला सगळ्यात सोपा असतो त्याच दिवसांत. चालणाऱ्या माणसाला ती दिसणं कठीण, चालकाला तर अशक्य.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप मेंढरांचा आहे. शेकडो खुरं माळ तुडवतात ती चालतात, मग चार चाकांवरच राग का? अतिचराईने माळ उघडा पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कळप पांगून चरतो, लेंडीखत टाकत पुढे सरकतो, आणि धनगराचं पोट त्यावर चालतं. चराई कुठे आणि कधी थांबवायची, हे त्याच्याशी बोलून ठरवता येतं. इथला लांडगाही याच मेंढपाळी मुलखात टिकून राहिला आहे. ज्याची उपजीविका माळावर आहे त्याला अडवून ज्याची फक्त हौस आहे त्याला सोडणं अन्यायाचं होईल, आणि दोघांना एकाच मापाने मोजणंही तितकंच अन्यायाचं.

जमीन सार्वजनिक आहे, मग बंदी कसली, हा दुसरा प्रश्न. बंदी माणसाला नकोच. पायी जाणाऱ्याला माळ खुला असावा. प्रश्न वेगाचा आहे. सांगली जिल्ह्यातलं आटपाडी संवर्धन राखीव ९.४८ चौरस किलोमीटरचं. ते चौकोनी धरलं तर एक बाजू तीन किलोमीटरच्या आसपास भरते. पायी माणसाला ती ओलांडायला पाऊण तास लागेल, ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला सहा मिनिटं. लांडग्याला, खोकडाला बाजूला व्हायला जो अवधी लागतो, तोच गाडी हिरावून घेते. कायद्यात इथे एक फटही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातलं प्रवेशाला परवाना लावणारं पोटकलम, कलम २७(१), अभयारण्याला लागू आहे. कलम ३६अ ते संवर्धन राखीवाला लावत नाही. प्राण्यांना त्रास देण्याची मनाई मात्र लागू होते. राखीव वनात १९२७च्या वन कायद्याखाली अतिक्रमणाचा गुन्हा नोंदवता येतो, पण तो घडून गेल्यावर.

पर्यटनाने रोजगार मिळेल, हे मला मान्य आहे. पुणे वनविभागाने इंदापुरात कडबनवाडीच्या माळावर गवताळ सफारी सुरू केली आहे, आणि माणदेशातही तशी व्हायला हवी. मात्र सफारीच्या नावाखाली गाड्या बेताल झाल्या की काय होतं, हे २०२४च्या अखेरीस उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि बछड्यांची वाट अडवली गेली तेव्हा दिसलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणून आटपाडीच्या आणि खटाव तालुक्यातल्या मायणीच्या संवर्धन राखीवात गाडीची वाट आधी आखावी, दगडांनी खुणावावी, अंड्यांच्या दिवसांत ती बंद ठेवावी, आणि चालक-वाटाडे त्याच गावांतले असावेत. वनखात्याच्या गाड्यांनीही गस्त आणि वणवा सोडून एरवी हीच वाट धरावी. हे ठरवायला नवा कायदा लागत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६ब प्रमाणे राखीवाच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात, पशुसंवर्धन खात्याचाही एक असतो. या समितीने वाटांचा नकाशा येत्या उन्हाळ्याआधी मंजुरीसाठी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे पाठवावा, आणि त्याची प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.