माल पोहोचला, पैसा कोठे आहे?

मुळजी जेठा मार्केटात तागा बोटांनी चाचपून सौदा करण्याचे दिवस सरत चालले. आता इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला डिजिटल घाऊक बाजारपेठेतून परप्रांतीच्या दुकानदाराची मागणी घरबसल्या मिळू शकते. हे स्वागतार्हच आहे. पण माल ज्या वेगाने जातो, त्या वेगाने पैसा परत येतो काय? लहान उत्पादकाचे देणे ४५ दिवसांत चुकते करावे, असा २००६ चा कायदा आहे. विलंबास चक्रवाढ व्याजही आहे. परंतु मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य लहान कारखानदाराने कोठून आणावे? तेव्हा मालाचा ठावठिकाणा क्षणोक्षणी दाखविणाऱ्या या बाजारपेठांनी थकलेल्या बिलांचा हिशेबही उघड मांडावा. दलाल गेला आणि उधारी राहिली, तर या सुधारणेचे मोल ते काय?