शिखांची छापील चित्रे: टिकलेली आणि विरलेली

१/ महाराजा रणजितसिंगांच्या काळातले एखादे छापील चित्र पाहिले, की आपण सहज म्हणून जातो, 'तेव्हाचे शीख असे दिसत.' मित्रहो, त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हे चित्र कोणी, कोणासाठी छापले?

२/ गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांची बहीण एमिली ईडन १८३८ मध्ये महाराजांना भेटली. तिने रेखाटलेली महाराजांची, शीख सरदारांची व अकालींची चित्रे १८४४ मध्ये लंडनला शिळाछापावर निघाली. ग्रंथ भव्य आणि महागडा होता. धनिकांच्या ग्रंथालयांत तो जपला गेला.

३/ पुढे इंग्रज-शीख युद्धांच्या काळात (१८४५-४६, १८४८-४९) लंडनच्या सचित्र साप्ताहिकांतून शीख झळकला, तो मुख्यतः रणांगणावरचा प्रतिपक्षी म्हणून.

४/ मग शिखांनी स्वतः विकत घेतलेल्या चित्रांचे काय झाले? १८७०च्या सुमारास लाहोर-अमृतसरच्या बाजारांत लाकडी ठशांवरून छापलेली, हाताने रंगवलेली स्वस्त चित्रे मिळत. भाई बाला व मर्दाना यांच्यासह बसलेले गुरू नानक हा त्यांतला एक विषय. पण स्वस्त कागद धुराने, ओलीने, वाळवीने संपतो.

५/ त्यांतली काही वाचली ती जॉन लॉकवुड किपलिंगमुळे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवून तो १८७५ मध्ये लाहोरच्या मेयो कलाशाळेचा प्रमुख झाला. त्याने जमवलेली बाजारातली चित्रे मुलगा रुडयार्ड याने १९१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिली. परक्याने पाहिलेला शीख ग्रंथांत सुरक्षित राहिला. शिखांच्या घरातली श्रद्धा मात्र एका संग्राहकाच्या आवडीवर तगली.

६/ म्हणूनच माझे मत असे, की नुसता कागद वाचवणे म्हणजे जतन नव्हे. जुन्या साप्ताहिकांतली पाने कापून सुटी विकली जातात, काळ्या छपाईवर मागाहून रंग चढवले जातात. पानाबरोबरचा मजकूर आणि तारीख तुटली, की पुराव्याची शोभेची वस्तू होते. कडा कापून, नाव पुसून चित्रे पुढे पाठवणारे आपणही तेच करतो.

७/ तेव्हा चित्र पाठवताना सन, छपाईची पद्धत आणि ते कोणत्या संग्रहातले, एवढे तरी लिहावे. नांदेडच्या यात्रेहून आणलेले गुरू गोविंदसिंगांचे जुने छापील चित्र कोणाच्या घरी असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. त्याच्या तळाशी छापखान्याचे नाव असेल, तेही वाचावे. उद्याच्या इतिहासकाराला कदाचित त्याच ओळीची गरज पडेल.