डोंबिवली : घर इथे, पोट तिथे

डोंबिवलीचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात : तिथली सांस्कृतिक वर्दळ आणि तिथल्या लोकलची गर्दी. दोन्ही खऱ्या आहेत. पण त्यांचा एकमेकींशी संबंध काय, हे सहसा कुणी विचारत नाही. तो तपासला तर मुंबईबाहेर घर शोधत निघालेल्या दोन-तीन पिढ्यांची कहाणी हाती लागते.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढल्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली. रुळांनी डोंबिवलीचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग केले. तरी पुढे कित्येक वर्षे हा मुलूख भातशेतीचा, खाडीकाठचा, आगरी वस्तीचाच राहिला. त्याचे शहर केले ते मुंबईतल्या घरटंचाईने. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणे कुणाला परवडेना. गिरगाव-परळच्या दोन खोल्यांत धाकट्याचे लग्न ठरले की थोरल्याने बाहेर पडायचे, हे ओघानेच आले. प्रॉव्हिडंट फंडातली उचल, सोसायटीचे कर्ज आणि प्रसंगी बायकोच्या पाटल्या मोडून मालकीचा ब्लॉक घ्यायचा, तर तो डोंबिवलीतच परवडे. कारकून, शिक्षक, बँकेतले कर्मचारी असे आले. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडू लागले, तेव्हा तिथलीही कुटुंबे याच वाटेने निघाली.

या माणसांनी येताना आपला शेजारही बरोबर आणला. गणेश मंदिर संस्थान १९२४ पासूनचे. त्याच्या आगेमागे शाळा, ग्रंथालये, पतपेढ्या, व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक इथे राहिले. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा १९९९ साली इथून सुरू झाली आणि बघता बघता गावोगावी पोहोचली. २०१७ साली नव्वदावे अखिल भारतीय साहित्य संमेलनही इथेच भरले. यातले बहुतेक काम वर्गणी आणि स्वयंसेवक यांच्या बळावर झाले. सरकारची वाट न पाहता चार माणसे जमवून काम उभे करणे, हा या गावाचा खरा गुण.

आता नाण्याची दुसरी बाजू. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने इथे वसाहत वसवली. रासायनिक कारखाने आले, त्यांच्या शेजारी निवासी भूखंड पडले आणि मधले अंतर वर्षागणिक घटत गेले. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. त्यावर लोक थट्टाही करीत. पण २०१६ च्या मे महिन्यात प्रोबेस कंपनीतल्या स्फोटात बाराजण दगावले आणि बरोबर आठ वर्षांनी, २०२४ च्या मे महिन्यात, अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट होऊन माणसे गेली. दोन्ही वेळा धोकादायक कारखाने हलवण्याची भाषा झाली. आधी कारखाने आले की आधी घरे, हा वाद मात्र अजून रंगतो. जणू उत्तर सापडले की खिडक्यांच्या काचा आपोआप जोडल्या जातील!

कारभाराचीही तीच तऱ्हा. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महापालिका झाली. भोवतालची सत्तावीस गावे तेव्हा आत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. या ये-जा करण्यात बांधकामांवर लक्ष कुणी ठेवायचे, हेच ठरेना. बनावट कागदपत्रांवर उभ्या राहिलेल्या पासष्ट इमारती पाडण्याचे आदेश २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने दिले, तेव्हा हप्ते भरणारी कुटुंबे रस्त्यावर येण्याच्या बेतात होती. २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. तक्रार घेऊन जायचे कुणाकडे?

इथे लोकलचा संबंध येतो. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, तरी दाराला लोंबकळणे सुटले नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडले, काहींचे प्राण गेले. ज्याचे दिवसाचे तीन-चार तास अशा प्रवासात जातात, तो पालिकेच्या कचेरीत जाणार कधी? कचेरी उघडते तेव्हा तो मुंबईत असतो आणि तो परततो तेव्हा कचेरीला कुलूप असते. रविवार उरतो, तो व्याख्यानाला, नाटकाला, मंदिराला दिला जातो. म्हणून संस्कृती फुलली आणि नागरिकत्व अर्धवट राहिले. मतदान करून आपले कर्तव्य संपले, असे मानण्याची सवय जडली ती यातूनच.

त्यात गावाचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा अधिक आहे, हे मान्य. कामाची ठिकाणे मुंबईत आणि स्वस्त घरे बाहेर, ही रचना डोंबिवलीकराने केलेली नाही. पण हजारोंची स्वागतयात्रा शिस्तीत पार पाडणाऱ्या संस्थांना आपल्या शेजारच्या कारखान्यात कोणते रसायन साठवले आहे आणि आग लागली तर कोणत्या रस्त्याने बाहेर पडायचे, एवढे विचारून घेणे अवघड नाही. पुढच्या व्याख्यानमालेतले एक पुष्प या विषयाला द्यावे आणि वक्ता म्हणून संबंधित अधिकाऱ्याला बोलवावे. श्रोते तर तयारच आहेत.