निर्लेखनानंतरची शाळा

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची एखादी खोली वापरण्यास अयोग्य ठरली, म्हणजे अभियंत्याचा दाखला घेतला जातो, निर्लेखनाचा प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना होतो, आणि यथावकाश ती खोली जमीनदोस्त होऊन दप्तरातून तिची नोंद कमी होते. इथवरचा व्यवहार योग्यच आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडीच्या शाळेचे छत कोसळून तीन मुले दगावली, आणि २०२५ च्या जुलैत राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळेचे छप्पर पडून सात बालकांचा बळी गेला. ज्या छपराखाली मुले बसतात ते शंकास्पद झाल्यावर एका दिवसाचीही चालढकल क्षम्य नाही, हे आता कोणाला पटवून देण्याची गरज उरलेली नाही. आमचे म्हणणे त्यापुढच्या टप्प्याविषयी आहे. खोली पाडण्याची परवानगी आणि खोली बांधण्याची मंजुरी हे दोन निराळे कागद आहेत. ते निराळ्या वेळी आणि बहुधा निराळ्या तरतुदींतून निघतात, आणि त्या दोहोंच्या दरम्यान जो काळ लोटतो त्याचा जाब कोणत्याही कचेरीस द्यावा लागत नाही.

तो काळ मुलांच्या वाट्याला येतो. दोन खोल्यांच्या शाळेतील एक खोली गेली, म्हणजे उरलेल्या खोलीत पहिलीपासून चौथी-पाचवीपर्यंतच्या साऱ्या इयत्ता एकत्र बसतात. त्याच खोलीत शाळेचे कपाट, हजेरीपटांचे गठ्ठे, पोषण आहाराच्या तांदळाची पोती आणि मुख्याध्यापकांचे मेज असते. पहिलीची मुले अक्षरे मोठ्याने म्हणू लागली की फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे पाहत भागाकार समजून घेणारा चौथीचा विद्यार्थी हरवतो, आणि त्याला समजावून देण्यासाठी गुरुजी वळले की पहिलीचा सूर मोडतो. काही वर्ग पडवीत न्यावे, तर आषाढातली तिरपी सर पडवीभर येते. समाजमंदिरात न्यावे, तर लग्नकार्याच्या वा सभेच्या दिवशी त्यांना तेथून उठावे लागते. देवळाच्या सभामंडपात न्यावे, तर तेथे फळा टांगण्यास भिंत नसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ थांबवण्याचा अधिकार शिक्षकास नसतो. एका शिक्षकाने अनेक इयत्ता शिकवणे ही अशक्य गोष्ट नाही. अनेक शिक्षक-शिक्षिका हे काम निष्ठेने आणि कौशल्याने करीत आल्या आहेत. परंतु एका गटास स्वाध्यायात गुंतवून दुसऱ्या गटाकडे लक्ष द्यावयाचे, तर दोन्ही गटांना आपापली जागा, आपापला फळा आणि थोडी निवांतता लागते. म्हणजे जेथे शिक्षक थोडे आहेत, तेथे जागा अधिक हवी.

या मागणीत नवे किंवा अवाजवी असे काहीच नाही. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा योजनेने प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन प्रशस्त खोल्या असाव्यात, हे तत्त्व मान्य केले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने त्यापुढे जाऊन प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांच्या कामासाठी व सामानासाठी स्वतंत्र खोली, आणि जेथे आहार शिजतो तेथे स्वयंपाकघर, अशी अनुसूचीच घालून दिली, व तिच्या पूर्ततेसाठी तीन वर्षांची मुदत ठेवली. साठ मुलांपर्यंतच्या शाळेस याच अनुसूचीप्रमाणे दोन शिक्षक मिळतात. तेव्हा लहानात लहान शाळेचाही दोन वर्गखोल्यांवर कायदेशीर हक्क आहे. ती मुदत सरून एक तप उलटले.

यावर असे सांगितले जाते, की खेड्यांतील शाळांचा पट उतरत चालला असता नव्या इमारतींवर खर्च करणे शहाणपणाचे नाही. आक्षेप गंभीर आहे, आणि जेथे मुलेच उरली नाहीत तेथे खोल्या बांधाव्यात असे आम्हीही म्हणणार नाही. पण पट का उतरतो, याची चौकशी केल्यावाचून हा युक्तिवाद पुरा होत नाही. आपले मूल दोन वर्षे पडवीत बसलेले पाहून जो शेतकरी किंवा मजूर पोटाला चिमटा घेऊन त्याला तालुक्याच्या शाळेच्या गाडीत बसवतो, त्याचा निर्णय पटाच्या आकड्यात उतरतो, आणि तोच आकडा पुढे खोली नाकारण्यासाठी पुढे केला जातो. शिवाय सर्वच गावे ओस पडत नाहीत. चाकण, रांजणगावसारख्या औद्योगिक क्षेत्रांच्या आसपास पोटासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून येऊन राहिलेल्या कामगारांची मुले गावच्या शाळेत दाखल होतात, आणि तेथे खोलीची निकड मंजुरीच्या कागदापेक्षा वेगाने वाढते.

गावकरी वर्गणी काढतात, श्रमदान करतात, कोणी जागा बक्षीसपत्राने देतो. या औदार्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे आणि तिच्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तथापि तिच्यावर सरकारी कर्तव्याचा भार टाकणे अन्यायाचे होय, कारण ज्या गावी पीक बुडाले त्या गावाची वर्गणीही बुडते, आणि मुलांना आसऱ्याची गरज तेथेच अधिक असते. रयतेकडून वसूल होणारा पैसा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणास पुरेसा लागत नाही, ही तक्रार महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती; शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळालेल्या मुलांच्या बाबतीत ती आज पुन्हा मांडावी लागावी, याचे आम्हांस मनस्वी दुःख वाटते.

म्हणून आमची मागणी एकच आणि नेमकी आहे. वापरात असलेल्या वर्गखोलीच्या निर्लेखनास ज्या आदेशाने मंजुरी मिळेल, त्याच आदेशात तिच्या जागी बांधावयाच्या खोलीची प्रशासकीय मान्यता, निधीची तरतूद आणि काम पुरे करण्याची तारीख नमूद असावी. खोली तातडीने रिकामी करणे भाग पडल्यास मधल्या काळासाठी भाड्याच्या वा तात्पुरत्या पक्क्या निवाऱ्याची तजवीज गटशिक्षणाधिकाऱ्यांवर बंधनकारक असावी. आणि ही नोंद शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचून दाखवली जावी. आपल्याकडे बांधकामाचा हंगाम दिवाळीपासून वैशाखापर्यंतचा. मार्चअखेर घाईने खर्ची पडणाऱ्या निधीतून मंजूर झालेली खोली पायाच्या चरातच पावसाळ्यात सापडते व मुलांचे आणखी एक वर्ष जाते. जिल्हा नियोजन समित्यांनी शाळाखोल्यांची यादी गणेशोत्सवापूर्वी कायम केली आणि कार्यारंभाचे आदेश दिवाळीच्या आत दिले, तर जूनमध्ये शाळा उघडताना त्या खोल्यांत मुलांना बसवता येईल. येत्या वर्षाच्या याद्या अद्याप कायम व्हावयाच्या असतील, तेथे हा क्रम याच वर्षी लावून घ्यावा.